सांकेतिक माफी

मोगाम-री, २४ नोव्हेंबर

चि. मान-ग्यू यास ओक-बुनताईचे आशीर्वाद.

तुझा रक्तदाब कसा आहे? गोळी वेळेवर घेतोस, की ती ऑफिसच्या खणात पडून असते? तुझ्या जोंग-हेचा खांदा दुखायचा थांबला का? तिला म्हणावं, यंदा किमचीच्या कोबीच्या टोपल्या उचलायला जाऊ नकोस, बसल्या जागी मसाला लाव. तुझ्या सासूबाईंनी कानात यंत्र बसवलं असं ऐकलं. ऐकू यायला लागल्यापासून त्या जास्त बोलतात की कमी? लेकाला, सुंग-मोला, नवी नोकरी मानवली का? आणि तो म्हातारा दुबू, त्याच्या डोळ्यावरची सूज गेली का? कुत्र्याला विचारलं म्हणून हसू नकोस. तुमच्या घरात मला पाहून शेपूट हलवणारा तेवढाच होता.

एकेकाचं नाव घेऊन विचारलं. तू मात्र एक नाव विचारणार नाहीस, म्हणून न विचारता सांगते. सो-दाम माझ्याकडे आहे. तुझी लेक. खाते थोडं, बोलते त्याहून थोडं. परसात पर्सिमॉनची फळं सोलून वाळत टाकायची आहेत, त्यात हात गुंतवून बसते. साल अशी काढते की पाहावत नाही, अर्धं फळ सालीबरोबर जातं. मी काही म्हणत नाही. मी तुला लिहिते आहे हे तिला माहीत नाही.

वडिलांच्या श्राद्धाला तू तिला सगळ्यांसमोर म्हणालास, "विमानातली माणसं विमानातच शोभतात, नैवेद्याच्या चौरंगापाशी नाही," आणि मी चमचा ठेवून बस पकडली, तेव्हापासून आपण एकमेकांना ओळही लिहिलेली नाही. ते धरून बसायचं असतं तर आजही लिहिलं नसतं. पण विमानांच्या सूचना काढणाऱ्या तुझ्या ऑफिसचा कागद तिच्या नावे आला, आणि खाली तुझी सही पाहिली.

पेपरात तू वाचलं असशीलच. तरी माझ्या तोंडून ऐक, कारण पेपरवाल्यांनी तिला "बेफिकीर वैमानिक" केलंय.

प्रवेशपरीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याचा पेपर सुरू झाला की देशभर विमानं थांबतात, हे आपल्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. त्या दिवशी दुकानं उशिरा उघडतात, पोलीस उशीर झालेल्या पोरांना मोटरसायकलवर घालून नेतात, पोर कॉलेजला असंच चिकटावं म्हणून आया शाळेच्या फाटकाला चिकट चिक्की लावून हात जोडतात. सो-दामलाही ठाऊक होतं. ती झाडं मोजणारं विमान चालवते. पाइनला रोग लागून डोंगरच्या डोंगर तांबडे पडलेत, वरून हिंडून आजारी झाडं हेरायची, असं तिचं काम. त्या दुपारी तीही सगळ्यांसारखी खाली थांबली. विमानाच्या पंखाखाली बसून भाताचे रोल खाल्ले आणि मेकॅनिकशीसुद्धा कुजबुजत बोलली, जणू पोरं शेजारच्या खोलीतच बसलीत. पेपर संपल्याचं रेडिओवर आलं, टॉवरने सोडलं, तेव्हा उडाली.

आणि गेली ती थेट आंधळ्या मुलांच्या शाळेमागच्या डोंगरावर. कारण आजारी झाडं तिथेच होती. कमी उंचीवरून फेरी, वळण, पुन्हा फेरी.

त्या मुलांना बोटांनी वाचावं लागतं, म्हणून त्यांना वेळ जास्त असतो. देशाचा पेपर संपला तरी त्यांचा चालू होता. त्यासाठी त्या शाळेवरचं आकाश आणखी काही वेळ बंद ठेवलं होतं, आणि तशी नोटीस तुझ्या ऑफिसने काढली होती. सो-दामने ती वाचली नाही. हे खरं आहे, मी झाकणार नाही.

पण मान-ग्यू, ती नोटीस मी पाहिली. त्या दिवशीच्या सगळ्या नोटिसा मी तिला छापून आणायला लावल्या. ते बाड लोणच्याच्या बरणीवर ठेवलं असतं तर वर वेगळा दगड लागला नसता. कुठल्याशा बंदरातली क्रेन, कुठल्याशा धुराड्यावरचा गेलेला दिवा, समुद्रात तोफा, धावपट्टीकडेचं गवत कापणं, पुन्हा क्रेन. त्यात शेवटाकडे, एक गेलेला दिवा आणि एक कापलेलं गवत यांच्यामध्ये, ती ओळ. स्वर गाळलेले इंग्रजी शब्द, अक्षांश, रेखांश, ग्रीनिचच्या घड्याळाची वेळ. शाळा नाही. परीक्षा नाही. मुलं नाहीत. जिवंत असं त्या ओळीत काहीच नव्हतं.

आणि तुझा कागद काय म्हणतो? "सूचना विहित वेळेत प्रसिद्ध करण्यात आली होती. ती वाचणे ही वैमानिकाची जबाबदारी होय."

मला शिसारी आली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

चौकशी जानेवारीत आहे. तिचा परवाना राहतो की जातो, ते तिथे ठरेल. सो-दाम म्हणते, तिथे एकच प्रश्न महत्त्वाचा असणार आणि तो तुला विचारणार: वाचणाऱ्याला ती नोटीस समजण्यासारखी होती का? माझं एवढंच मागणं आहे. लेकीची बाजू घे असं म्हणत नाही. प्रश्नाला उत्तर दे.

तुझी थोरली बहीण,
ओक-बुन


मोगाम-री, ९ डिसेंबर

चि. मान-ग्यू,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं म्हणून. "सदर बाब चौकशीअंती स्पष्ट होईल. थंडीत प्रकृतीस जपावे." रक्तदाबाचं नाही, दुबूचं नाही, लेकीचं तर नाहीच. सोबत मात्र छापील कागद: नोटिसा सांकेतिक भाषेत का असतात. मी तो खिमट खाणाऱ्या माणसासारखा हळूहळू वाचला.

तू म्हणतोस, देश अनेक, भाषा अनेक, संकेत सगळ्यांना एकच. बरोबर. साध्या शब्दांचे दहा अर्थ निघतात. तेही बरोबर, आपल्या गावात "जुन्या पुलापाशी" म्हटलं की दोन माणसं दोन पुलांपाशी जाऊन उभी राहतात. पुढे म्हणतोस, यंत्रांना ठरावीक साचा लागतो. असेल बाबा.

पण हे तू मला सांगतोस? ओक-बुनला?

माझी शाळा चौथीत सुटली. तांदळाच्या पोत्याच्या कागदावर टेलिप्रिंटरची बटणं काढून, त्यावर बोटं आपटून मी ते काम शिकले, आणि तू मांडीला मांडी लावून बसून विचारायचास, "ताई, हे कोणतं?" त्या यंत्राला इंग्रजीची मोठी अक्षरं तेवढी येत. लाइन एकच, आणि तिच्यावर मनिला, तोक्यो, हाँगकाँग सगळे रांगेत. हवा बिघडली की अर्धी अक्षरं वाटेत मरायची. म्हणून आम्ही स्वर काढून टाकायचो, मासा साफ करताना कल्ले काढतात तसे. धावपट्टीला तीन अक्षरं, बंदला चार. घड्याळ ग्रीनिचचं, म्हणजे कुणाच्या सूर्यावरून भांडण नको. मनिलाला एक बाई होती. तिचं नाव मला कधी कळलं नाही, तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. एकदा तिने पाठवलेल्या वादळाच्या पाच-सहा अक्षरांवर आम्ही एक विमान मागे फिरवलं. थोडक्यात लिहिण्यात तेव्हा माया होती, मान-ग्यू. लांबड लावली तर निरोप पोहोचायच्या आत माणूस मरेल, अशी भीती होती त्यामागे.

आणि तूसुद्धा त्याच अक्षरांवर वाढलास. मी कामावर जाताना भाताचा वाडगा उबदार फरशीवर गोधडीखाली ठेवून चिठ्ठी लिहून जायची, त्याच भाषेत, गंमत म्हणून. मी आले की तू फुशारकीने म्हणायचास, "भात सापडला, बंद रद्द, पोट चालू." आपलं भांडण झालं की रात्रभर फुगून बसायचास आणि सकाळी माझ्या बुटात कागद असायचा: "रद्द." आधीची सूचना मागे घेतली, असा त्याचा अर्थ. मी ते जपून ठेवले नाहीत. चूल पेटवली त्यांवर. पण आठवतात.

आता ती लाइन नाही, कागदाची पट्टी नाही, मनिलाची बाई बहुधा नाही. यंत्र भंगारात गेलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी तुमची भाषा तेवढी उरली. बर्फ पडणार असला की इथली नगरपालिका माझ्या फोनवर कळवते, "आजी-आजोबांनो, सकाळी उंबऱ्यावर घसरडं असेल, जपून पाय टाका." नगरपालिकेला जमतं. यंत्राला हवा तसा साचा यंत्राला द्या, माणसाला माणसाचा घास द्या. कोण नको म्हणतंय?

तुम्हीच म्हणता नको. कारण मला आता कळलंय ते असं: ती नोटीस कुणी वाचावी म्हणून काढलेलीच नसते. "दिली होती" म्हणता यावं म्हणून काढलेली असते. गवत कापलं तरी नोटीस, दिवा गेला तरी नोटीस. सगळंच सांगून ठेवायचं, म्हणजे काहीही झालं तरी हात वर. आम्ही थोडक्यात लिहायचो ते निरोप पोहोचावा म्हणून. तुम्ही तीच अक्षरं घेऊन त्यामागे लपता. माझं आयुष्य ज्या कामात गेलं त्याचं हे झालेलं पाहून, खरं सांगते, तोंडात वाईट चव येते.

सो-दामने हे तुला आधीच सांगितलं होतं. तुझ्याच ऑफिसात, तुझ्याच हाताखाली असताना तिने लिहिलं होतं, "भातखाचरातले बगळे सकाळी धावपट्टीच्या उत्तर टोकाला बसतात, उतरताना जपा." तू लाल पेन्सिलीने ते काट मारून सगळ्यांच्या टेबलांवरून फिरवलंस. म्हणालास, "इथे निबंधस्पर्धा नाही." तिने नोकरी सोडली आणि उडायला शिकली. बगळे काय लाल पेन्सिलीने उडून गेले?

असो. गेल्या शनिवारी आम्ही दोघी त्या शाळेत गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मुळ्याच्या किमचीचा डबा नेला. बसमध्ये वास सुटला, ड्रायव्हर म्हणाला, "आजी, डब्याचंही तिकीट काढा."

ज्या मुलीने तक्रार केली तिचं नाव सॉल-आ. तिची आईही आली होती, हीच बाई घटनेच्या दुसऱ्या दिवशी जाब विचारायला विमानाच्या शेडसमोर जमिनीवर बसली होती. सो-दाम दारातच गुडघ्यांवर बसली. पोरगी कान टवकारून म्हणाली, "विमानवाल्या ताई तुम्हीच का?"

"हो."

"सारख्या डावीकडे वळत होतात. मी मनात म्हटलं, अगं बाई, एकदा ठरव तरी कुठे जायचं ते."

"हसण्यासारखं आहे का हे?" आई म्हणाली.

"तुझं रडून झालंय ना? मग हसायचं मी घेते."

नंतर ती गंभीर झाली. कुठला प्रश्न गेला ते सांगितलं. एका पोहण्याच्या तलावाची सूचना ऐकवली होती, तलाव कधी बंद राहणार ते ओळखायचं होतं. म्हणाली, "ती सूचना परक्या भाषेत होती तरी समजत होती हो. सोपी होती. वरून तुमची घरघर आली आणि तेवढाच शब्द गेला. मग तो शोधता शोधता पुढचे दोन गेले." त्यावर तिचं कॉलेज गेलं. पुढच्या वर्षी पुन्हा बसणार आहे.

"माफी मागायला आले," सो-दाम म्हणाली.

"माफीने गुण मिळत नाहीत. मुळा मात्र चांगला आंबलाय." मग थोड्या वेळाने, "नोटीस होती म्हणे. काय लिहिलं होतं त्यात?"

सो-दाम म्हणाली, "ज्यांनी लिहिली त्यांना विचार."

निघताना मुख्याध्यापिका फाटकापर्यंत आल्या. त्या म्हणाल्या, "मी स्वतः फोन केला होता त्या ऑफिसला. म्हटलं, साहेब, आमची मुलं कानांनी बघतात, तेवढा वेळ वरून काही जाऊ देऊ नका. ते म्हणाले, लिहून घेतलं."

कोण होतं फोनवर, ते मी विचारलं नाही. तूच सांग, किंवा सांगू नकोस.

एक म्हण तोंडावर आली होती, आंधळ्याच्या दळण्याची आणि कुत्र्याच्या पीठ खाण्याची. पण सॉल-आला भेटल्यापासून ती मी टाकून दिली. त्या पोरीचं दळण कुणी खाल्लं हे सांगायला मला म्हणीची गरज नाही.

दोन कोबी वेगळे ठेवलेत तुझ्या घरासाठी. रागावलेली असले तरी मीठ कमी घातलंय, तुझ्या रक्तदाबासाठी.

ओक-बुन


मोगाम-री, १४ जानेवारी

मान-ग्यू,

आज आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही, म्हणून वगळले. ते आपोआप असतात असं समज.

चौकशीच्या खोलीत तू मला वाकून नमस्कार केलास. लेकीला केला नाहीस. ती तुझ्यासमोर बसली होती, नवा कोट घालून; मीच तिला घेऊन दिला, पाठीत बसत नाही. तू कागदांकडे पाहत राहिलास.

तिला विचारलं, नोटीस वाचली होती का? ती म्हणाली, "नाही. वाचायला हवी होती. ऐकण्याचा पेपर कधी संपतो ते सगळ्यांना माहीत असतं तसं मला माहीत होतं, म्हणून शोधलंच नाही." सबब सांगितली नाही. मला अभिमान वाटला आणि चीडही आली, कारण समोरच्या बाजूला सगळे सबबींचे गठ्ठे घेऊन बसले होते.

मग तुझी पाळी. अध्यक्षांना सर्दी झालेली, त्यांनी नाक पुसत सांगितलं, नोटीस वाचून दाखवा. आणि तू वाचलीस. काय वाचलीस रे. एकही अक्षर अडखळलं नाही. पोत्याच्या कागदापाशी बसलेला तू मला दिसलास. क्षणभर मी विसरले की मी कुणाच्या बाजूला बसले आहे.

तेवढ्यात मागून सॉल-आ उभी राहिली. आईने तिचा कोट ओढला, तरी उभी राहिली. म्हणाली, "साहेब, मला दिसत नाही म्हणून विचारते. त्यात काय लिहिलंय?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणाले, "आत्ताच वाचलं ना त्यांनी."

"ऐकलं. पण लिहिलंय काय?"

तू कागद खाली ठेवलास. चष्मा काढलास. आणि म्हणालास, "इथे एक शाळा आहे. तिथली मुलं अजून परीक्षा देत आहेत, आणि त्यांना फक्त ऐकू येतं. अडीच वाजेपर्यंत या डोंगरावरून जाऊ नका."

मान-ग्यू, सो-दामने मान वर केली. एवढ्या वर्षांत तिने बापाच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं माणसाचं वाक्य असेल.

सॉल-आ म्हणाली, "मग हेच का नाही लिहिलं?"

आता बोलेल, म्हटलं. माझा भाऊ आहे, आता बोलेल. अध्यक्षांनीही तोच प्रश्न त्यांच्या भाषेत विचारला: वैमानिकाला ती समजण्यासारखी होती, असं तुमचं मत आहे का?

आणि तू चष्मा पुन्हा घातलास. "सूचना विहित नमुन्यात होती. नमुन्याबाहेर लिहिण्याचा मला अधिकार नाही."

हातात आलेला घास तू परत ताटात टाकलास. नाही, ताटात नाही, खरकट्यात टाकलास. एका श्वासात ते शाळेचं वाक्य निघालं होतं तुझ्या तोंडून. म्हणजे ते तुझ्या पोटात तयार होतं, नोटीस काढली तेव्हाही तयार होतं. न येणाऱ्याला मी काही म्हटलं नसतं. येत असून न बोलणाऱ्याची मला किळस येते.

जूनमध्ये तू निवृत्त होणार. डागाविना. मला कळतं ते. सगळं आयुष्य एका काटाकूट नसलेल्या कागदासाठी घालवलंस, आता शेवटच्या पानावर शाई कशी सांडवायची. पण तुझा कागद कोरा राहावा म्हणून लेकीचं पान फाडलं गेलं. परवाना निलंबित. अपिलाला फेब्रुवारीअखेरपर्यंत मुदत आहे. कंपनीने तिच्या जागी माणूस शोधायला सुरुवात केली आहे. अध्यक्ष निघताना हळूच म्हणाले, नोटीस काढणाऱ्यानेच लेखी दिलं की ती समजण्यासारखी नव्हती, तर अपिलाचा निकाल वेगळा लागेल. ते तुलाही ऐकू गेलं. तू ओव्हरकोटाची बटणं लावत होतास.

बाहेर तू म्हणालास, "ताई, स्टेशनपर्यंत सोडू का?" मी म्हटलं, "बस आहे." सो-दाम तुझ्या गाडीजवळून गेली, तू काच वर केलीस. थंडी होती, म्हणून केली असशील.

घरी येऊन तिने जेवताना ते वाक्य म्हटलं. इथे एक शाळा आहे. भातावर पाणी घालताना पुन्हा म्हटलं. मी म्हटलं, काय गं? म्हणाली, "काही नाही आत्या. चांगलं लिहिलंय."

ओक-बुन


मोगाम-री, ८ फेब्रुवारी

चि. मान-ग्यू यास आशीर्वाद.

चांद्र नववर्षाला तू आला नाहीस, ते मी धरलं नव्हतंच. तांदळाच्या वड्यांचं सूप दोघींपुरतं केलं, तरी उरलं. शेजारची म्हातारी येऊन दोन वाडगे खाऊन गेली आणि म्हणाली, "यंदा तुझा भाऊ नाही?" मी म्हटलं, "त्याचं आकाश बंद आहे." तिला काही कळलं नाही, पण हसली.

परवा तुझं पाकीट आलं. आत एकच कार्ड. तुझ्या हाताने लिहिलेलं, मोठ्या अक्षरांत, जुन्या नमुन्यात. नोटीस क्रमांकाच्या जागी चौकशीची तारीख. ठिकाणाच्या जागी सो-दामची आद्याक्षरं. आणि पुढे ती खूण, त्या दिवशीचं बोलणं मागे घेतल्याची. रद्द.

मी मोरीपाशी उभी राहून वाचलं, आणि पुढची काही मिनिटं मला दिसेना. बुटातल्या कागदांची आठवण झाली. शेवटचं अक्षर जरा खाली घसरलंय. तू लिहिलंस ते मनापासून लिहिलंस, मला शंका नाही.

मी ते सो-दामला दिलं. तुझ्या ऑफिसात काम केलेली पोरगी, तिला माझ्यापेक्षा लवकर वाचता येतं. तिने वाचलं. डोळे दोनदा फिरले ओळीवरून, मी पाहिलं. मग तिने ते सोया सॉसच्या बरणीखाली सरकवलं आणि म्हणाली, "आत्या, त्यांना कळवा, मला हे वाचता येत नाही."

मी म्हटलं, "अगं, बापाने..."

"अपील मंडळालाही वाचता येणार नाही. सॉल-आलाही नाही. आपण तिघं सोडून कुणालाच नाही. म्हणूनच असं लिहिलंय त्यांनी."

आणि मान-ग्यू, तेव्हा मला दिसलं जे मी बहीण असल्यामुळे मोरीपाशी पाहिलं नव्हतं. हीसुद्धा तीच नोटीस. दिली होती म्हणता यावं, आणि कुणी हातात धरून विचारू नये, अशी. माफीसुद्धा तू विहित नमुन्यात मागितलीस. माझं रडू तिथेच आटलं. परत तीच चव तोंडात.

मी ते उलगडून मंडळाला पाठवू शकते. माझ्याइतकं ते कुणाला येतं? पण ते माझ्या अक्षरात जाईल. मग ते काय, एका म्हाताऱ्या टेलिप्रिंटरवालीचं मत. ते तुझ्या अक्षरात जायला हवं. जे तू त्या मुलीला तोंडाने सांगितलंस तेच. इथे एक शाळा होती, तिथे मुलं ऐकत होती, मी ते लिहिलं नाही. माझ्या नोटिशीतून कुणालाही हे कळलं नसतं. खाली सही. ती सही कुणी शिकवली ते मी काढत नाही.

दोनच वाक्यं आहेत. तुझ्या निवृत्तीचा समारंभ थोडा ओशाळवाणा होईल, दोन-तीन माणसं पुष्पगुच्छ खाली ठेवून निघून जातील. होऊ दे. घरी दुबू आहे. इथे मी आहे. आणि वाळलेली पर्सिमॉन आता खाण्याजोगी झालीत. सो-दामने सोललेली जरा किडकिडीत दिसतात, पण गोडीत कमी नाहीत.

एक गोष्ट लपवली होती ती सांगून टाकते. पहिल्या पत्राशिवाय सगळी पत्रं तिने पाकिटात घातलीत. प्रत्येक वेळी वाचून. आज तिकीट लावायच्या आधी विचारते आहे, "शेवटी काय लिहिलंत?"

शेवटी हे लिहिते. लवकर लिही, फेब्रुवारी छोटा असतो. गोळी घेतलीस का तेही लिही. आणि या वेळी अक्षरं गाळू नकोस. पोरगी बरणीकडे जाता-येता बघते आहे, तिला वाचता येईल असं लिही.

तुझी थोरली बहीण,
ओक-बुन